शेड, कव्हरेज, फिनिश, बेकिंग: खान्देशच्या उन्हात मेकअप करणाऱ्यांसाठी शब्दांची उकल

मेकअपच्या डब्या-बाटल्यांवरचे शब्द एकदा समजले की निम्मा खर्च वाचतो, कारण चुकीची वस्तू घरी येतच नाही. शब्द दिसतात पन्नास, पण ते चारच प्रश्नांची उत्तरं देतात: रंग कोणता, डाग किती झाकायचे, चमक किती हवी आणि हे सगळं टिकणार कशाच्या जोरावर. शेड आणि अंडरटोन हे पहिल्या प्रश्नाचे शब्द. कव्हरेज दुसऱ्याचा. मॅट, ड्युई, सॅटिन तिसऱ्याचे. प्राइमर, पावडर, सेटिंग स्प्रे चौथ्याचे.

अडचण अशी की मोबाइलवर दिसणारे बहुतेक व्हिडिओ दमट मुंबईच्या किंवा थंड हवेच्या देशांच्या हिशेबाने केलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, हवा कोरडीठाक असते आणि लग्नाच्या तिथी नेमक्या याच दिवसांत, अखाजीच्या आगेमागे येतात. अशा हवेत घाम फुटतो आणि लगेच उडूनही जातो. मागे मीठ राहतं, त्वचा ओढली जाते आणि जाड लावलेलं फाउंडेशन (चेहऱ्याचा रंग एकसारखा करणारा मेकअपचा थर) नाकाच्या कडेला, डोळ्यांखाली, हसल्यावर पडणाऱ्या रेषांत तडकतं. उन्हाळ्यात कपाशीच्या काळ्या रानाला भेगा पडतात तसं. श्रावणात, कानबाईच्या दिवसांत हवा ओली असते, तेव्हा तोच मेकअप तडकण्याऐवजी घसरतो. दोन्ही वेळा उपाय एकच: थर पातळ ठेवा. या लेखातली जवळजवळ प्रत्येक सूचना फिरून तिथेच येते.

शेड आणि अंडरटोन

शेड म्हणजे त्वचा किती उजळ किंवा सावळी, त्याची पायरी. अंडरटोन म्हणजे त्या रंगाच्या तळाशी असलेली झाक. पिवळसर-सोनेरी झाक असली की वॉर्म, गुलाबी-निळसर असली की कूल, दोन्हींच्या मध्ये असली की न्यूट्रल. चौथी झाक ऑलिव्ह, म्हणजे किंचित हिरवट. ही आपल्याकडे बरीच आढळते आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ऑलिव्ह त्वचेवर गुलाबी फाउंडेशन लावलं की चेहरा मानेपासून तुटल्यासारखा वेगळा दिसतो.

बाटलीवर इंग्रजी डब्ल्यू, सी, एन ही अक्षरं वॉर्म, कूल, न्यूट्रल यांसाठी असतात, पण सगळ्या कंपन्या एकच पद्धत पाळत नाहीत. मॅक कंपनीच्या जुन्या पद्धतीत एनसी ही अक्षरं पिवळसर-सोनेरी त्वचेसाठी आहेत आणि एनडब्ल्यू गुलाबी झाकेसाठी, म्हणजे सरळ वाचलं तर उलटं. त्यामुळे अक्षरावर विसंबू नका, रंग चेहऱ्यावर लावून बघा. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या ही चाचणीही सावळ्या त्वचेवर फारशी उपयोगाची नाही, कारण तिथे शिरा नीट दिसतच नाहीत.

खात्रीची पद्धत अशी आहे. चेहरा धुऊन, काहीही न लावता दुकानात जा. जवळच्या वाटणाऱ्या तीन शेड घ्या आणि गालाच्या खालच्या भागापासून जबड्यावरून मानेपर्यंत तीन उभ्या रेघा ओढा, प्रत्येक साधारण तीन सेंटिमीटर. हाताच्या पाठीवर लावू नका, हात आणि चेहरा यांचा रंग क्वचितच जुळतो. मग दुकानाबाहेर या. जळगावच्या फुले मार्केटात असो की धुळ्याच्या आग्रा रोडवर, दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली प्रत्येक शेड ठीकच दिसते. खरा रंग सावलीतल्या दिवसाच्या उजेडात कळतो. जी रेघ विरघळल्यासारखी दिसेनाशी होते ती तुमची शेड. एवढ्यावर पैसे देऊ नका, पंधरा-वीस मिनिटं थांबा. फाउंडेशन हवेच्या आणि चेहऱ्याच्या तेलाच्या संपर्कात आलं, त्यातला पातळ भाग उडाला की रंग थोडा गडद किंवा नारिंगी होतो. यालाच ऑक्सिडाइज होणं म्हणतात. तेलकट त्वचेवर हे जास्त होतं. वीस मिनिटांनंतर जो रंग दिसेल तोच दिवसभर राहणार आहे.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी इथे लक्षात घ्या. गाडीवर जाताना अनेक मुली स्कार्फने चेहरा गुंडाळतात. त्यामुळे कपाळाची आणि डोळ्यांभोवतीची उघडी पट्टी काळवंडते, गाल आणि हनुवटी तेवढी रापत नाहीत. एकाच चेहऱ्यावर दोन रंग असतील तर शेड जबडा आणि मान यांच्याशी जुळवा. कपाळ थोडं गडद असेल तर राहू द्या, ते नैसर्गिक दिसतं. दुसरी गोष्ट हळदीची. हळद लागल्यावर चेहरा, मान आणि हात पिवळसर होतात आणि ती झाक एक-दोन दिवस टिकते. हळदीच्या दुसऱ्या दिवशी शेड ठरवली तर ती हमखास चुकते. नवरीची शेड हळदीच्या किमान आठवडाभर आधी ठरलेली असावी आणि हळद उतरवताना घासण्याऐवजी खोबरेल तेलाने हलकं पुसावं. घासलेल्या त्वचेवर फाउंडेशन चट्टे धरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'दोन शेड उजळ द्या' ही मागणी आपल्याकडे अजूनही सर्रास होते, आणि कितीतरी फोटो त्यामुळेच बिघडतात. उजळ फाउंडेशनमध्ये पांढऱ्या रंगद्रव्याचं, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असतं. ते सावळ्या त्वचेवर बसलं की खालचा तपकिरी रंग त्यातून डोकावतो आणि एकत्र परिणाम राखाडी येतो. चेहरा गोरा दिसण्याऐवजी आजारी दिसतो, आणि कान, मान, हात खरं सांगून जातात. सावळ्या त्वचेवर स्वतःच्याच शेडचं फाउंडेशन लावलं की तिची मूळची सोनेरी झाक वर येते. तसा चेहरा एकदा पाहिला की उजळ शेडचा आग्रह सुटतो. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, झपाट्याने गोरं करणाऱ्या क्रीमपासूनही लांब राहा. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असतं. त्याने त्वचा पातळ होते, लाल पडते, उन्हात जळजळते, आणि मग कोणतंही प्रसाधन सोसत नाही. अशी क्रीम आधीपासून सुरू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

कव्हरेज, फिनिश आणि खालचे थर

कव्हरेज तीन प्रकारचं: शीअर म्हणजे त्वचा दिसू देणारं, मीडियम आणि फुल. फिनिशही ढोबळमानाने तीन: मॅट म्हणजे बिनचमकीचं, ड्युई म्हणजे ओलसर चमकीचं, सॅटिन म्हणजे मधलं. बीबी क्रीम आणि स्किन टिंट हे शीअर गटात मोडतात. खान्देशच्या उन्हाळ्यात कोरड्या किंवा मिश्र त्वचेला मीडियम कव्हरेज आणि सॅटिन फिनिश सगळ्यात बरं. फुल कव्हरेज मॅट फाउंडेशनवर पुन्हा मॅट पावडर दाबली की तडा गेलाच समजा. तेलकट त्वचेला मॅट चालेल, पण तेही पातळच.

क्रम असा ठेवा: मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्राइमर, करेक्टर, फाउंडेशन, कन्सीलर, पावडर. मॉइश्चरायझर मुरायला पाच मिनिटं, सनस्क्रीन बसायला दहा-पंधरा मिनिटं, प्राइमरला दोन मिनिटं द्या. घाई केली तर बोट फिरवताच रबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या निघतात. याला पिलिंग म्हणतात. पिलिंगचं आणखी एक कारण म्हणजे न जमणाऱ्या दोन जाती एकावर एक लावणं. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच 'डायमेथिकोन' किंवा 'सिलोक्सेन'ने संपणारं एखादं नाव असेल तर ती वस्तू सिलिकॉनची. नुसतं पाणी आणि ग्लिसरीन पुढे असेल तर पाण्याची. प्राइमर आणि फाउंडेशन शक्यतो एकाच जातीचे घ्या.

फाउंडेशनमधल्या एसपीएफवर, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाच्या आकड्यावर, विसंबून सनस्क्रीन टाळू नका. एसपीएफचा आकडा गृहीत धरतो की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दोन मिलिग्रॅम लावलंय. चेहरा आणि मानेला ते तर्जनी आणि मधल्या बोटावर ओढलेल्या दोन पूर्ण रेघांइतकं होतं. एवढं फाउंडेशन कोणी लावत नाही. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी किरणं अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे मोठ्या आकड्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. काळवंडण्याला कारण असणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी सनस्क्रीनवरच्या 'पीए' या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हं बघा, तीन किंवा चार असावीत.

प्राइमर त्वचेची छिद्रं भरून गुळगुळीत करतो आणि वरच्या थराला धरून ठेवतो. पूर्ण चेहऱ्याला लागत नाही. वाटाण्याएवढा घेऊन नाक, नाकाच्या बाजू, कपाळाचा मधला भाग आणि हनुवटी एवढ्यावर पुरे.

करेक्टर आणि कन्सीलर यांत लोकांची नेहमी गफलत होते. करेक्टर रंगाने रंग मारतो, कन्सीलर त्वचेच्या रंगाने झाकतो. सावळ्या त्वचेवर डोळ्यांखालची वर्तुळं निळसर-तपकिरी असतात, त्यांवर नारिंगी करेक्टर. गव्हाळ त्वचेवर पीच. पुरळाच्या लाल डागावर हिरवा, तोही टाचणीच्या डोक्याएवढाच. डोळ्यांखाली करेक्टर एका बाजूला तांदळाच्या दाण्याइतका बस्स. करेक्टर न लावता थेट उजळ कन्सीलर चोपडला की वर्तुळ जात नाही, राखाडी होतं. कारण तेच, वर पांढरं, खाली गडद.

फाउंडेशन एक पंप पूर्ण चेहऱ्याला पुरतं. मध्यापासून सुरू करा, म्हणजे नाकाच्या बाजू, गालाचा आतला भाग, हनुवटी, आणि बाहेर केसांकडे, कानांकडे पातळ करत न्या. स्पंज आधी पाण्यात पूर्ण भिजवून फुगू द्या, मग टॉवेलमध्ये दाबून इतका पिळा की बोटाने दाबल्यावर थेंब येणार नाही. कोरडा स्पंज फाउंडेशन पिऊन टाकतो, जास्त ओला ते पातळ करून चट्टे पाडतो. स्पंज ओढायचा नाही, थापायचा. ओढल्यावर खालचा प्राइमर आणि करेक्टर सरकतात. पहिला थर बसल्यावर जिथे डाग दिसतोय तिथेच दुसरा, सगळीकडे नाही. ब्लेंडिंग म्हणतात ते हेच: कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते दिसू नये.

पावडर, बेकिंग, स्प्रे

कॉम्पॅक्ट ही दाबलेली पावडर, पर्समध्ये ठेवायला सोपी, थोडं कव्हरेज देते. लूज पावडर सुटी आणि बारीक, मेकअप बसवायला जास्त चांगली. ट्रान्सलुसंट म्हणजे रंगहीन म्हणवली जाणारी पावडर. ती सावळ्या त्वचेवर जास्त झाली तर पांढुरकी दिसते. बनाना पावडरमध्ये केळी नसतात. हे केळीच्या पट्ट्यात मुद्दाम सांगावं लागतं, कारण काही जणी ती त्वचेला पोषक समजून घेतात. नाव फक्त फिकट पिवळ्या रंगावरून पडलंय आणि तो रंग डोळ्यांखालचा जांभळटपणा कमी करतो.

बेकिंग म्हणजे डोळ्यांखाली लूज पावडरचा जाड थर ठेवून पाच-दहा मिनिटांनी जादा पावडर ब्रशने झटकणं. अंगाच्या उबेने कन्सीलर पावडरीत मुरतो आणि घट्ट बसतो. ही युक्ती रंगमंचाच्या प्रखर दिव्यांसाठीची. कोरड्या उन्हाळ्यात तिशी ओलांडलेल्या, डोळ्यांखाली बारीक रेषा असलेल्या त्वचेवर ती करू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. तासाभरात प्रत्येक रेष कोरल्यासारखी दिसते. त्याऐवजी कन्सीलर लावल्यावर वर बघा, रेषेत जमलेला बोटाने थापून पसरवा आणि लगेच अगदी थोडी पावडर दाबा. हा जमा होण्याचा प्रकार म्हणजे क्रीझिंग. पावडर दाबण्याआधी क्रीझ मोडली नाही तर ती तशीच पक्की होते.

फ्लॅशबॅक हा शब्द फोटोशी जोडलेला. सिलिका असलेल्या पावडरी, आणि झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन कॅमेऱ्याचा फ्लॅश परत फेकतात. आरशात काही दिसत नाही, फोटोत मात्र डोळ्यांखाली पांढरे ठिपके येतात. गोरज मुहूर्तावर लग्न असेल तर विधीचे फोटो फ्लॅशवरच निघणार. मेकअप संपल्यावर अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढून बघा. ठिपके दिसले तर मोकळ्या ब्रशने पावडर झटका.

सेटिंग स्प्रे मेकअपवर पातळ पापुद्रा धरतो आणि पावडरीचा कोरडेपणा मोडतो. हातभर अंतरावरून चार-पाच फवारे, आणि हाताने वारा न घालता वाळू द्यायचा. गुलाबपाणी फवारलं की थंड वाटतं, पण त्यात धरून ठेवणारं काही नसतं.

टचअप करताना बहुतेक जणी घामावर थेट कॉम्पॅक्ट फिरवतात. ओल्या मिठावर पावडर बसली की गोळे होतात. यालाच केकी दिसणं म्हणतात. आधी टिश्यू किंवा ब्लॉटिंग पेपर नुसता दाबून उचला, पुसू नका. मग चमक उरलेल्या जागेवरच पावडर.

गाल, डोळे, ओठ

कॉन्टूर सावली दाखवतो, म्हणून तो मॅट आणि किंचित राखाडी-तपकिरी हवा. ब्रॉन्झर उन्हाची ऊब दाखवतो, तो सोनेरी-तपकिरी असतो. कॉन्टूरच्या जागी चमकीचा ब्रॉन्झर लावला तर गालाखाली मळ लागल्यासारखं दिसतं. नवशिक्यांनी कॉन्टूर सोडून दिला तरी चालेल; ब्लश मात्र सोडू नका. फाउंडेशनने चेहऱ्याचा जिवंत चढउतार झाकला जातो आणि ब्लश तो परत आणतो. सावळ्या त्वचेला फिकट बेबी पिंक पांढरट दिसतो. विटकरी, गडद गुलाबी, जांभळट रंग खुलतात. क्रीम ब्लश पावडरीच्या आधी, पावडर ब्लश नंतर. हायलायटर गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर जरासा. छिद्रं मोठी असलेल्या जागी लावला तर तीच उठून दिसतात.

डोळ्यांच्या शब्दांत वॉटरलाइन म्हणजे खालच्या पापणीची आतली ओली कड, आणि टाइटलाइन म्हणजे वरच्या पापणीची तशीच कड. काजळ पसरतं त्याचं कारण तेल. डोळ्यांखालचं मॉइश्चरायझर आणि काजळातला मेणतेलाचा भाग एकत्र येतात आणि उन्हात मऊ होतात. काजळ लावण्याआधी कापसाच्या काडीने खालची पापणी कोरडी करा, पापणीबाहेर थोडी पावडर दाबा, आणि काजळाच्या रेघेवर त्याच रंगाची मॅट आयशॅडो बारीक ब्रशने बसवा. वॉटरप्रूफ काजळ पाण्याला दाद देत नाही, पण तेलाने पसरू शकतं. स्मजप्रूफ हा वेगळा दावा आहे, दोन्ही लिहिलंय का बघा. सुट्या पुडीतला सुरमा डोळ्यांत घालू नका. पारंपरिक सुरम्यात शिसं असू शकतं आणि लहान मुलांना ते फार घातक आहे.

आयशॅडोत ट्रान्झिशन शेड म्हणजे त्वचेपेक्षा एक-दोन पायऱ्या गडद मॅट रंग. तो पापणीच्या घडीत लावला की पुढचे रंग एकमेकांत मिसळतात. फॉलआउट म्हणजे गालावर गळणारी भुकटी. गडद रंग किंवा ग्लिटर असेल तर डोळे आधी करा, फाउंडेशन नंतर.

ओठांना लिप लायनर बाहेरची हद्द घालतं. लिक्विड मॅट लिपस्टिक दोन पातळ थरांत लावा. पहिल्यावर टिश्यू दाबा. जाड एकच थर लावला तर ओठांच्या आतल्या बाजूने तो सोलून निघतो. नवरीला ग्लॉस नको, नथीचे मोती त्याला चिकटतात. दाबाची नथ असेल तर नाकपुडीवर फाउंडेशन जवळजवळ नसल्यासारखंच ठेवा आणि पावडर आधी दाबून घ्या, कारण नथ काढताना तिथला थर हमखास निघतो. मुंडावळ्या कपाळावर आणि कानशिलांवर घासतात; तिथेही तोच नियम. टिकलीच्या गोंदाबद्दल एक इशारा: काही गोंदांतल्या पीटीबीपी नावाच्या रसायनामुळे कपाळावर पांढरा डाग पडतो. टिकलीखाली खाज किंवा लाली आली तर ती टिकली लगेच बंद करा.

पार्लरमध्ये 'एचडी' आणि 'एअरब्रश' असे दोन दर सांगतात. एचडी म्हणजे बारीक दळलेल्या, प्रकाश पसरवणाऱ्या रंगद्रव्यांचा मेकअप, लावायचा ब्रश-स्पंजनेच. एअरब्रशमध्ये पातळ फाउंडेशन हवेच्या दाबाने फवारतात. थर तलम बसतो, पण अश्रूंची रेघ पडली तर तेवढाच भाग दुरुस्त करणं अवघड. बोलणी करताना ब्रँडची नावं विचारण्यापेक्षा ट्रायल मिळेल का, स्पंज आणि लिपस्टिकचे ब्रश एकदाच वापरून टाकायचे आहेत का, आणि शेड मानेशी जुळवणार का, हे विचारा. ट्रायल झाल्यावर चार तास घराबाहेर वावरा आणि मग आरसा बघा.

डबी उघडल्यावर

वेष्टनावर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात १२ एम किंवा ६ एम असं असतं. ती उघडल्यानंतरच्या महिन्यांची मुदत, छापलेल्या एक्सपायरीच्या तारखेपेक्षा वेगळी. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाकून द्या, त्यात जंतू लवकर वाढतात. उघडल्याची तारीख डबीच्या तळाशी लिहून ठेवा. पत्र्याच्या घरात माळ्यावर किंवा उन्हातल्या गाडीत क्रीम आणि लिपस्टिक ठेवल्या तर तेल वेगळं होतं; कपाटाचा खालचा कप्पा बरा. नवी वस्तू कानामागे किंवा कोपराच्या आत लावून दोन दिवस बघा, मग चेहऱ्यावर. 'नॉन-कॉमेडोजेनिक' म्हणजे छिद्रं बुजवणार नाही असा कंपनीचा दावा, हमी नव्हे.

रात्री मेकअप काढताना डोळ्यांपासून सुरुवात करा. क्लेन्झिंग बाम किंवा तेलात भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर वीस सेकंद धरून ठेवा, मग खाली पुसा. वॉटरप्रूफ मस्कारा नुसत्या फेसवॉशने निघत नाही, आणि चोळला तर पापणीचे केस तुटतात. त्यानंतर सौम्य फेसवॉशने पूर्ण चेहरा, केसांची कड आणि कानामागचा भाग धुवा. कानामागे राहिलेलं फाउंडेशन उशीला लागतं आणि त्यानेही गालावर पुरळ उठू शकतं.